भौतिकशास्त्राच्या शालेय संशोधन प्रकल्पासाठी पेलणारा विषय कसा निवडावा

नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांचे भौतिकशास्त्रातील प्रकल्प अर्धवट राहतात किंवा शेवटच्या आठवड्यात कसेबसे उरकले जातात, तेव्हा त्याचे कारण विद्यार्थ्याच्या बुद्धीत किंवा मेहनतीत क्वचितच सापडते. बहुतेक वेळा ते विषय ठरला त्या दिवशीच घडलेले असते. ‘सौर ऊर्जा’, ‘चुंबकत्व’ किंवा ‘कृष्णविवरे’ ही अभ्यासक्षेत्रांची नावे आहेत. त्यांतून काय मोजायचे हे कळत नाही, आणि जे मोजायचे ते ठरलेले नसेल तर प्रकल्प सुरूच होऊ शकत नाही. प्रदर्शनात मांडायची चालती प्रतिकृती हेही वेगळे काम आहे. ती सुबक असू शकते, तिच्यातून हाताला कौशल्य मिळते, पण तिच्यात उत्तर शोधायचा प्रश्न नसतो.

पेलणारा विषय म्हणजे असा प्रश्न, ज्याचे उत्तर तुम्हाला आधी ठाऊक नाही आणि ज्यातील अपेक्षित परिणाम तुमच्या हाताशी असलेल्या साधनांना दिसेल इतका मोठा आहे. यातला दुसरा भाग एकही वस्तू विकत घेण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन तपासता येतो. तरीही तो तपासला जात नाही, आणि माझ्या मते शालेय प्रकल्पांचे सर्वांत मोठे नुकसान याच एका टाळाटाळीमुळे होते. म्हणून पुढील विवेचनात त्यावरच अधिक भर दिला आहे.

प्रश्न कुठे शोधावा

तयार विषयांच्या याद्या चाळण्यापेक्षा आपल्या परिसरातील एखादी गोष्ट निवडून तिच्याकडे मोजण्याच्या दृष्टीने पाहणे अधिक फलदायी ठरते. चंद्रशेखर वेंकट रामन मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असताना कॉलेजच्या वर्णपटमापीवर प्रिझमचा कोन मोजत होते. नेहमीचीच ती मोजणी करताना त्यांना विवर्तनाचे (कडेवरून जाताना प्रकाश वळण्याचे) असममित पट्टे दिसले, त्यांनी त्यांचा पाठपुरावा केला, आणि त्यावरचा त्यांचा पहिला शोधनिबंध नोव्हेंबर १९०६ मध्ये ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तेव्हा ते १८ वर्षांचे होते. पुढे १९२० मध्ये त्यांनी आणि शिवकाली कुमार यांनी भारतीय चर्मवाद्यांच्या सुरेलपणावर ‘नेचर’मध्ये लिहिले, तेव्हाही अभ्यासाची वस्तू घरोघरी ऐकू येणारीच होती.

शालेय प्रकल्पात जगाला नवीन असे काही सापडलेच पाहिजे, असा आग्रह धरू नये. तुम्हाला नवीन असलेला आणि पाठ्यपुस्तकाच्या शेवटी छापलेले उत्तर नसलेला प्रश्न पुरेसा असतो. त्यासाठी एक साधी रीत आहे. एखादी ओळखीची वस्तू घ्यावी, तिच्यात हाताने बदलता येईल अशी एक राशी ओळखावी, तिच्यामुळे बदलणारी व मोजता येणारी दुसरी राशी ओळखावी, आणि बाकीच्या कोणत्या गोष्टी स्थिर ठेवाव्या लागतील ते लिहून काढावे. ‘पखवाजाचा अभ्यास’ हा विषय नाही. ‘पखवाजाच्या डाव्या पुडीवरील कणकेचे वस्तुमान बदलत नेले असता त्या पुडीची मूळ वारंवारता कशी बदलते’ हा विषय आहे. दुसरे वाक्य वाचल्यावर कोणती साधने लागतील, कोणता आलेख काढायचा आणि काम कधी संपले म्हणायचे हे जवळजवळ आपोआप कळते.

आधी अंदाज, मग प्रयोग

एक उदाहरण सविस्तर पाहू, कारण ते वरवर अतिशय आकर्षक आहे. साध्या लंबकाच्या साहाय्याने महाबळेश्वरचे आणि कोकण किनाऱ्यावरचे गुरुत्व त्वरण मोजायचे आणि उंचीनुसार होणारा फरक दाखवायचा, अशी कल्पना एखाद्या विद्यार्थ्याला सुचली असे समजा. कल्पना शास्त्रीय आहे, खर्च फारसा नाही, प्रवासाचा आनंदही आहे. आता आकडे मांडू. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच आहे आणि पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,३७१ किलोमीटर आहे. गुरुत्व त्वरण केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, त्यामुळे फक्त उंचीचा विचार केला तर ते १.३५ भागिले ६,३७१ च्या दुपटीने, म्हणजे सुमारे ०.०४ टक्क्याने कमी होईल. दोलनकाल गुरुत्व त्वरणाच्या वर्गमुळावर अवलंबून असल्याने त्यातील बदल याच्या निम्मा, म्हणजे ०.०२ टक्के असेल. एक मीटर लांबीच्या लंबकाच्या १०० दोलनांना सुमारे २०० सेकंद लागतात. त्यात पडणारा फरक अवघा ०.०४ सेकंद. स्टॉपवॉचची कळ बोटाने दाबताना सेकंदाच्या एक-दोन दशांशांची चूक सहज होते, म्हणजे जे शोधायचे आहे त्याच्या कित्येक पट चूक मोजण्यातच होणार आहे. दोलनांची संख्या वाढवून वेळेची अडचण काही अंशी सोडवता येईल, पण लंबकाची लांबीही ०.०४ टक्क्यापेक्षा अचूक, म्हणजे ०.४ मिलिमीटरच्या आत, दोन्ही ठिकाणी सारखी ठेवावी लागेल. दोरा ताणला जातो, गाठ सरकते, हवामानानुसार लांबी बदलते. हा प्रकल्प शाळेच्या साधनांना पेलणारा नाही, आणि हे समजायला महाबळेश्वरला जावे लागत नाही.

याच लंबकाला दुसरा प्रश्न विचारता येतो. दोलनकाल आयामावर, म्हणजे लंबक मधल्या जागेपासून किती दूर जातो यावर, अवलंबून नसतो असे आपण शिकतो, पण हे विधान लहान कोनांपुरतेच खरे आहे. लंबक ५ अंशांनी बाजूला घेऊन सोडला तर दोलनकालातील वाढ ०.०५ टक्के इतकी क्षुल्लक असते. ४० अंशांनी घेऊन सोडला तर ती सुमारे ३ टक्के होते. १० दोलनांना लागणाऱ्या २० सेकंदांत ३ टक्के म्हणजे ०.६ सेकंद. हा फरक साध्या स्टॉपवॉचला दिसतो. शिवाय १० दोलनांत आयाम कमी होत जातो, त्यामुळे कोणता आयाम धरायचा हा खरा प्रश्न उभा राहतो, आणि त्यातूनच हवेच्या रोधाचा पुढचा प्रश्न निघतो. दोरा, वजन आणि घड्याळ तेच असूनही एक विषय अशक्य आणि दुसरा उत्तम ठरतो, तो केवळ परिणामाच्या आकारामुळे.

इतर विषयांनाही हीच चाचणी लावावी. ३० सेंटिमीटर लांबीची पोलादी सळई ५० अंश सेल्सिअसने तापवली तर ती सुमारे ०.१८ मिलिमीटर वाढते. मोजपट्टीचे लघुतम माप, म्हणजे तिच्यावर वाचता येणारे सर्वांत लहान माप, १ मिलिमीटर असते, म्हणून मोजपट्टीने हे काम होणार नाही, ०.०१ मिलिमीटर लघुतम माप असलेल्या सूक्ष्ममापी स्क्रूच्या रचनेने होऊ शकेल. एक मीटर उंचीवरून पडणाऱ्या चेंडूचे चित्रीकरण सेकंदाला ३० चौकटी घेणाऱ्या मोबाइलने केले तर पडण्याच्या ०.४५ सेकंदांत जेमतेम १३ चौकटी मिळतात, आणि शेवटी वेग ४.४ मीटर प्रति सेकंद झालेला असल्याने मंद प्रकाशात चेंडूची प्रतिमा काही सेंटिमीटर लांब ओढली जाते. म्हणजे अशा प्रकल्पासाठी भरपूर उजेड आणि शक्य असल्यास मंदगती चित्रीकरणाची सोय असलेला मोबाइल हवा. हे आधी कळले तर त्याची व्यवस्था होते.

माठाचा प्रश्न

अंदाजातून प्रयोगाची रचना कशी ठरते हे माठाच्या उदाहरणातून चांगले दिसते. विदर्भातल्या मे महिन्यात माठातले पाणी गार होते आणि कोकणात त्याच महिन्यात ते फारसे गार होत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. कारणही पुस्तकात आहे: पाण्याचे बाष्पीभवन होताना अप्रकट उष्मा पाण्यातूनच घेतला जातो. परंतु किती पाणी उडाल्यावर किती गारवा येतो, आणि तो कुठे थांबतो, हे प्रश्न मोजणीचे आहेत.

सामान्य तापमानाला एक ग्रॅम पाण्याचे बाष्प होण्यास सुमारे २,४०० जूल उष्णता लागते, आणि एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने उतरवण्यासाठी सुमारे ४,२०० जूल काढून घ्यावे लागतात. १० लिटरच्या माठाला एका अंशासाठी सुमारे १७ ग्रॅम पाणी गमवावे लागेल. हा बदल मोजण्यासारखा आहे, पण स्वयंपाकघरातील डिजिटल वजनकाटा सहसा ५ किंवा १० किलोग्रॅमपर्यंतच वजन घेतो, त्यामुळे भरलेला माठ त्यावर ठेवता येणार नाही. म्हणून २ लिटरचे गाडगे घ्यावे. त्याला एका अंशासाठी सुमारे ३.५ ग्रॅम पाणी उडावे लागते, म्हणजे ६ अंशांच्या गारव्याला २१ ग्रॅम; एक ग्रॅम लघुतम माप असलेल्या काट्यावर ही मोजणी साधारण ५ टक्क्यांच्या अचूकतेने होते. बाहेरून उष्णता आत येत असल्याने प्रत्यक्षात याहून अधिक पाणी उडालेले आढळेल, आणि हा जो फरक राहील तोच प्रकल्पाचा सर्वांत रोचक भाग ठरेल, कारण त्यावरून आत शिरलेली उष्णता काढता येते.

तुलनेसाठी त्याच मापाचे दुसरे गाडगे बाहेरून तैलरंग लावून घ्यावे, म्हणजे त्याची छिद्रे बुजतील आणि बाष्पीभवन थांबेल. दोन्ही गाडग्यांची तोंडे सारखीच झाकावीत. शेजारी दोन तापमापी ठेवावेत, एक कोरडा आणि एक ओल्या सुती कापडात गुंडाळलेला. ओल्या तापमापीचे वाचन ही बाष्पीभवनाने होणाऱ्या गारव्याची मर्यादा सांगते. हवेचे तापमान ४० अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल तर ही मर्यादा सुमारे २२ अंश येते. तापमान ३४ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर ती सुमारे २९ अंश येते. पहिल्या ठिकाणी १८ अंशांचा वाव आहे, दुसऱ्या ठिकाणी केवळ ५ अंशांचा. नागपूर आणि रत्नागिरी येथील दोन नातेवाईक किंवा मित्र सारखीच गाडगी घेऊन एकाच आठवड्यात मोजणी करू शकले, तर त्यातून महाराष्ट्राच्या दोन हवामानांची भौतिकशास्त्रीय तुलना तयार होते. मात्र हा विषय ऋतूशी बांधलेला आहे. प्रकल्प सादर करण्याची तारीख डिसेंबरमध्ये असेल तर मोजणी मे महिन्यात झालेली असली पाहिजे.

पखवाजाचा प्रश्न

आता वर उल्लेखलेल्या पखवाजाकडे येऊ. भजन-कीर्तनाच्या आधी पखवाजवादक डाव्या पुडीच्या मध्यभागी भिजवलेली कणीक थापतो आणि हव्या त्या खर्जाचा नाद येईपर्यंत ती कमी-जास्त करतो. वस्तुमान वाढले की वारंवारता उतरते, हे त्याच्या कानाला माहीत असते. पण किती वस्तुमानाला किती, याचा नियम शोधणे हा अकरावीच्या विद्यार्थ्याला साजेसा प्रश्न आहे.

येथे आधी गृहीतक मांडता येते. पुडीला एक स्प्रिंग आणि तिच्यासोबत हलणारे एक ठरावीक वस्तुमान मानले, तर वारंवारतेचा वर्ग एकूण वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात असेल. म्हणून आडव्या अक्षावर कणकेचे वस्तुमान आणि उभ्या अक्षावर वारंवारतेच्या वर्गाचा व्यस्त घेतला, तर सरळ रेषा मिळायला हवी. ती रेषा मागे वाढवून आडव्या अक्षाला जिथे छेदते, तिथून पुडीचे स्वतःचे परिणामी वस्तुमान कळते. रेषा कुठपर्यंत सरळ राहते आणि कुठे वाकते, हे मला तरी आधी सांगता येणार नाही, आणि म्हणूनच हा विषय चांगला आहे.

साधनांची चाचणी अशी. फिफॉक्स हे जर्मनीतील आखेन येथील तंत्रविद्यापीठात तयार झालेले मोफत ॲप मोबाइलच्या मायक्रोफोनवरून ध्वनीचा वर्णपट, म्हणजे आवाजात कोणत्या वारंवारता किती प्रमाणात आहेत ते, दाखवते. वारंवारता किती बारकाईने वाचता येईल हे नाद किती वेळ टिकतो यावर ठरते: अर्धा सेकंद टिकणाऱ्या नादाच्या वर्णपटात साधारण २ हर्ट्झपेक्षा जवळचे फरक वेगळे दिसत नाहीत. म्हणजे कणीक लावल्याने एकूण फरक २०-३० हर्ट्झचा पडत असेल तर काम होईल, ४-५ हर्ट्झचाच असेल तर होणार नाही. हे ठरवायला दहा मिनिटांची एक चाचणी पुरते: कणीक न लावता एकदा आणि भरपूर लावून एकदा वाजवून पाहावे. वजनाचीही अडचण आहे, कारण एक ग्रॅमच्या काट्यावर ५ ग्रॅम कणीक मोजली तर मोठी चूक राहते. त्यावर उपाय म्हणजे १०० ग्रॅम कणीक एकदाच तोलून तिची लांब वळी करावी आणि मोजपट्टीने २० समान तुकडे करावेत. कणीक वाळत जाते, पुडीचा ताण हवेच्या ओलाव्याने बदलतो, आणि थाप कुठे पडते यावरही नाद अवलंबून असतो. म्हणून मोजणी एकाच बैठकीत संपवावी, ठरलेल्या जागी थाप द्यावी, आणि शेवटी कणीक काढून पहिले वाचन पुन्हा घ्यावे. पहिले आणि शेवटचे वाचन जुळले नाही तर मधली सर्व वाचने संशयास्पद ठरतात. वाद्य मंदिराचे किंवा दुसऱ्याच्या मालकीचे असेल तर परवानगी घ्यावी आणि कणीक लावण्या-काढण्याचे काम वादकाच्याच हातून करून घ्यावे.

टाळावेत असे विषय

काही विषय पुन्हा पुन्हा निवडले जातात आणि पुन्हा पुन्हा निराशा करतात. गरम पाणी थंड पाण्याच्या आधी गोठते का, हा त्यांपैकी एक. १९६३ मध्ये टांझानियातील एरास्टो म्पेम्बा या शाळकरी मुलाने आइस्क्रीम करताना हे निरीक्षण केले आणि १९६९ मध्ये डेनिस ऑस्बोर्न या प्राध्यापकांसोबत त्यावर लेख प्रसिद्ध केला. कथा प्रेरक आहे. पण परिणाम भांडे, फ्रीजमधील जागा, खाली साचलेले हिम, पाण्यात विरघळलेले वायू अशा अनेक गोष्टींवर अवलंबून असल्याने तो पुन्हा पुन्हा सारखाच मिळवणे अनुभवी संशोधकांनाही जड गेले आहे. घरच्या फ्रीजमध्ये ते साधेल अशी आशा धरू नये. त्याऐवजी ‘गरम पाणी कसे निवते’ एवढाच प्रश्न घेतला आणि झाकण, वारा किंवा भांड्याचा आकार यांपैकी एकच गोष्ट बदलली, तर निश्चित उत्तर मिळते.

इंधनाशिवाय अखंड चालणारे यंत्र हा विषय ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमाशीच विसंगत असल्याने त्यावर एक दिवसही घालवू नये. मोबाइल टॉवरचा आरोग्यावर परिणाम, अवकाशातील कृष्णविवरे, क्वांटम संगणक यांसारख्या विषयांवर उत्तम निबंध लिहिता येईल, परंतु शाळेत त्यांची मोजणी करता येत नाही. घरगुती विजेच्या २३० व्होल्टशी थेट संबंध येणारी, पाऱ्याचे तापमापी फुटण्याची शक्यता असलेली किंवा शक्तीची खात्री नसलेला लेझर वापरणारी रचनाही सुरुवातीलाच बाजूला ठेवावी. बॅटरीवर चालणारा पर्याय बहुधा सापडतो.

वेळ आणि मदत

मोजणीला जितका वेळ लागेल असे वाटते त्याच्या दुप्पट वेळ राखून ठेवावा. प्रत्येक वाचन किमान पाच वेळा घ्यायचे आणि बदलत्या राशीची किमान सहा-सात मूल्ये घ्यायची म्हटल्यावर ३०-३५ वाचने होतात. एका वाचनाला एक दिवस लागत असेल, तर परीक्षांच्या वर्षात तो विषय झेपणार नाही. माठाच्या प्रयोगात एका दिवशी एकच फेरी होते, पखवाजाच्या प्रयोगात एका दुपारी सर्व मोजणी होते. दहावी-बारावीच्या विद्यार्थ्याने हा फरक गांभीर्याने घ्यावा.

प्रकल्प स्पर्धेसाठी असेल तर तिची चौकट आधी वाचावी. राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत १० ते १७ वयोगटातील मुले भाग घेतात आणि विषय त्या वेळच्या मुख्य सूत्राशी जोडावा लागतो. मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीसाठी असते आणि तिच्यात कृती संशोधन प्रकल्पाचा टप्पा असतो. खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या परिसरात २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास भरणाऱ्या विज्ञान प्रदर्शनात इतर शाळांचे प्रकल्प पाहायला मिळतात. मुक्त प्रश्न कसे असतात हे समजण्यासाठी आंतरराष्ट्रीय तरुण भौतिकशास्त्रज्ञ स्पर्धेचे दरवर्षी जाहीर होणारे १७ प्रश्न वाचावेत. ते कठीण असतात, पण एखाद्या प्रश्नाचा लहानसा तुकडा तोडून घेता येतो. भारतीय विज्ञान अकादमीचे ‘रेझोनन्स’ हे मासिक महाजालावर विनामूल्य उपलब्ध आहे.

शिक्षकांकडे किंवा महाविद्यालयातील प्राध्यापकांकडे जाताना ‘मला विषय सुचवा’ असे म्हणत जाऊ नये. एका पानावर प्रश्न, बदलायची राशी, मोजायची राशी, साधनाचे लघुतम माप आणि अपेक्षित परिणामाचा अंदाज लिहून न्यावा. असे पान समोर आले की अनुभवी शिक्षक पाच मिनिटांत चूक दाखवू शकतात, आणि अंदाजात दहापटीची चूक असेल तर तीही त्यांच्या लक्षात येते. पालकांनीही विषय भारदस्त आहे का असे विचारण्यापेक्षा ‘हे तू कशाने मोजणार?’ असे विचारावे.

पान तयार झाल्यावर एका आठवड्याच्या आत चाचणी घ्यावी. अपेक्षित परिणामाच्या दोन टोकांची दोनच वाचने, प्रत्येकी तीन-तीन वेळा, एवढेच काम असते. दोन टोकांमधील फरक एकाच टोकाच्या तीन वाचनांतील आपसातल्या फरकापेक्षा किमान पाचपट असेल, तर विषय पक्का करावा आणि प्रयोगवहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहावा. फरक त्याहून कमी आला तर लगेच विषय सोडू नये. कोणती राशी अधिक ताणता येईल, गाडगे लहान घेता येईल का, कोन वाढवता येईल का, साधन बदलता येईल का, हे पाहून पुन्हा एकदा चाचणी घ्यावी. दुसऱ्या चाचणीतही फरक दिसला नाही, तर ती वाचने वहीत तशीच राहू द्यावीत आणि पुढचे पान उलटून दुसरा प्रश्न मांडावा.